मेडिक्लेम आहे, मग दाढेचा खर्च खिशातूनच का?

माझ्या मावशीची मेडिक्लेम पॉलिसी अकरा वर्षांची जुनी आहे आणि या अकरा वर्षांत तिने एकदाही हप्ता चुकवलेला नाही. दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या बाजूच्या खालच्या दाढेला कीड लागली. आधी गोड खाल्ले की सणक जायची, मग गार पाणी लागू लागले, आणि पुढे रात्रीचा ठणका सुरू झाला तेव्हा तिने लवंगेच्या तेलाचा बोळा दाढेखाली धरून चार महिने काढले. शेवटी तालुक्याच्या गावी तीन खेपा घालून तिने रूट कॅनाल, म्हणजे दाढेच्या आतली किडलेली नस काढून पोकळी भरण्याचा उपचार, करून घेतले, वर कॅप बसवली, आणि साडेनऊ हजार रुपयांची पावती, एक्स-रे व डॉक्टरांची चिठ्ठी जोडून विमा कंपनीकडे क्लेम पाठवला. पंधरा दिवसांनी आलेल्या पत्रात कामाची ओळ एकच होती: सदर उपचार बाह्यरुग्ण स्वरूपाचा असून रुग्णालयात भरती झालेली नसल्यामुळे दावा देय नाही. मावशीने मला फोन करून विचारलेला प्रश्न साधा होता आणि तो मला आजही रास्त वाटतो. "दाढ काय माझ्या अंगाबाहेर आहे का रे?"

या प्रश्नाचे उत्तर पॉलिसीच्या व्याख्यांच्या पानावर असते, आणि नेमके तेच पान आपण वाचत नाही. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत येणाऱ्या महत्त्वाच्या शब्दांचे अर्थ भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने, म्हणजे ज्याला आपण बोलताना 'इर्डा' म्हणतो त्या संस्थेने, ठरवून दिलेले आहेत. त्यामुळे कंपनी कोणतीही असली तरी हे अर्थ जवळपास सारखेच असतात. त्यांनुसार 'रुग्णालयात भरती होणे' म्हणजे आंतररुग्ण म्हणून सलग किमान २४ तास राहणे. मोतीबिंदूसारख्या काही शस्त्रक्रिया आता काही तासांत उरकतात, म्हणून 'डे केअर' अशी एक सवलत ठेवलेली आहे. पण ती फक्त अशा उपचारांसाठी आहे, ज्यांना तंत्रज्ञान पुढे गेले नसते तर एक दिवसाहून अधिक काळ भरती व्हावे लागले असते. जे उपचार एरवीही बाह्यरुग्ण म्हणूनच घेतले जातात ते या सवलतीत येत नाहीत, असे त्या व्याख्येतच स्पष्ट लिहिलेले आहे. दाढ भरणे, रूट कॅनाल करणे किंवा कॅप बसवणे यांसाठी पूर्वीही कोणी भरती होत नव्हते आणि आजही होत नाही. 'दंत उपचार' या शब्दाचीही स्वतंत्र व्याख्या आहे. तपासणी, दात भरणे, कॅप, दात काढणे आणि दातांची शस्त्रक्रिया हे सगळे तिच्यात मोडते, आणि बहुतेक पॉलिसींमध्ये ही व्याख्या कामाला येते ती दंत उपचार वगळण्यासाठी किंवा त्यांना अट घालण्यासाठी.

म्हणजे विमा रोग किती गंभीर आहे हे आधी पाहत नाही. तो आधी खाट पाहतो. दातांच्या दवाखान्यात खाट नसते. तिथे एक खुर्ची असते, वर दिवा असतो, शेजारी थुंकायचे भांडे असते, आणि रुग्ण अर्ध्यापाऊण तासाने तोंडात कापूस धरून उठतो. या खुर्चीवर दहा हजारांचे काम झाले तरी ते बाह्यरुग्ण म्हणजे ओपीडीचे काम ठरते. आपल्याकडचे बहुतेक आरोग्य विमे मुळात रुग्णालयाच्या मोठ्या बिलापासून बचाव व्हावा म्हणून आखले गेले आणि ओपीडीचा खर्च घरच्या किराण्यासारखा ज्याचा त्याने सोसावा असे गृहीत धरले गेले. दातांचे जवळपास सगळे दुखणे या गृहीतकामुळे विम्याच्या बाहेर पडते.

विमा कंपन्यांना दात का नकोसे वाटतात, हेही नीट समजून घ्यायला हवे, कारण त्यामागे हिशेब आहे. समजा, शंभर जणांनी मिळून एक फंड केला. त्यांपैकी वर्षभरात दोघांना प्रत्येकी दोन लाखांचे रुग्णालयाचे बिल आले, तर फंडातून चार लाख गेले, म्हणजे माणशी चार हजार रुपये. चार हजार भरून दोन लाखांची धास्ती मिटत असेल तर कोणीही आनंदाने भरेल. आता तेच शंभर जण दातांसाठी एकत्र आले, आणि त्यांपैकी साठ जणांना प्रत्येकी सहा हजारांचे काम निघाले असे धरू. एकूण खर्च तीन लाख साठ हजार, म्हणजे माणशी तीन हजार सहाशे. इथे ज्यांचे दात चांगले आहेत ते चाळीस जण म्हणतील की आम्ही कशाला भरायचे, आणि पुढच्या वर्षी ते बाहेर पडतील. उरलेल्या साठ जणांचा हप्ता मग थेट सहा हजारांवर जाईल, आणि सहा हजार भरून सहा हजारच मिळणार असतील तर त्याला विमा म्हणण्यात अर्थ उरत नाही. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण अडचण खरी आहे. विमा चालतो तो क्वचित येणाऱ्या, मोठ्या आणि पुढे न ढकलता येणाऱ्या संकटावर. दातांचे दुखणे मात्र घरोघरी असते, त्याचा खर्च मध्यम असतो, आणि माणूस ते ठरवून पुढे ढकलू शकतो, म्हणजेच पॉलिसी घेईपर्यंत थांबू शकतो.

साचलेली गरज किती मोठी असू शकते, याचे उदाहरण ब्रिटनमध्ये दिसले. ५ जुलै १९४८ रोजी तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि दातांचे उपचार व कवळ्या विनामूल्य झाल्या. वर्षानुवर्षे दुखणे अंगावर काढलेले लोक दवाखान्यांपुढे उभे राहिले आणि खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला. १९५१ मध्ये सरकारने कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क लावायचे ठरवले, आणि ही सेवा उभी करणारे मंत्री अन्युरिन बेव्हन यांनी त्या निर्णयाच्या विरोधात राजीनामा दिला. हा इतिहास सांगून दातांना संरक्षण देणे परवडत नाही असा निष्कर्ष काढला जातो. मला तो उलटा वाटतो. पहिल्या वर्षांत आलेली ती गर्दी आधीच्या कित्येक वर्षांच्या नकाराची होती.

दुखणे पुढे ढकलता येते हे खरे, पण ते पुढे ढकलल्याने काय होते हे दाढेच्या आत डोकावून पाहिल्याशिवाय कळत नाही. दाताच्या सर्वांत बाहेरच्या पांढऱ्या कडक थरात नसा नसतात, त्यामुळे कीड तिथे असते तोवर दुखत नाही. या वेळी ती सापडली तर साफ करून सिमेंट भरले की काम होते, एका खेपेत, आणि लहान गावात काहीशे रुपयांपासून हजार-दीड हजारांपर्यंत. कीड आतल्या थरात उतरली की गार आणि गोड लागू लागते. तरीही बहुतेकदा दाढ भरून वाचते. ती मधल्या गाभ्यात, जिथे नसा आणि रक्तवाहिन्या असतात तिथे पोहोचली की रात्रीचा ठणका सुरू होतो, आणि मग रूट कॅनाल करावे लागते. पोखरलेली दाढ चावताना फुटू नये म्हणून त्यावर कॅपही लागते. खर्च आता काही हजारांत गेलेला असतो. यापुढचा टप्पा सर्वांत फसवा आहे. आतली नस मरते आणि ठणका आपोआप थांबतो. पैशांची अडचण असलेला माणूस इथे सुटकेचा श्वास टाकतो आणि गोळ्यांनी बरे वाटले असे समजतो. जंतू मात्र मुळाच्या टोकाशी हाडात शिरलेले असतात. तिथे पू साठतो, गालावर सूज येते, आणि क्वचित प्रसंगी तो संसर्ग जिभेखाली व गळ्याकडे पसरून श्वासनलिका दाबली जाते. त्या रुग्णाला तातडीने भरती करून गळ्यातला पू शस्त्रक्रियेने काढावा लागतो आणि कधीकधी अतिदक्षता विभागात ठेवावे लागते.

आता चोवीस तासांची अट पूर्ण होते, रुग्णालयात खाट असते, आणि हा गळ्याचा संसर्ग म्हणून विमा बिल देण्याची बरीच शक्यता असते. सुरुवातीच्या खड्ड्याला हजार रुपये न देणारी व्यवस्था त्याच खड्ड्याच्या शेवटच्या अवस्थेला लाखाच्या घरातले बिल देते. मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त खटकते ते हे. मधुमेहाच्या बाबतीतही असेच होते. हिरड्यांचा जुना आजार, ज्याला आपण पायरिया म्हणतो, आणि मधुमेह यांचा संबंध दोन्ही बाजूंनी आहे: साखर वाढलेली असली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्यांची सूज कायम राहिली की साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते. मधुमेहामुळे भरती व्हावे लागले तर पॉलिसीच्या अटींत बसून खर्च मिळतो, पण हिरड्यांखाली दातांवर साचलेला थर काढून घेण्याचे बिल मिळत नाही.

ज्यांच्याकडे विमाच नाही, त्यांची अडचण निव्वळ फीची नसते. रूट कॅनाल म्हणजे दोन-तीन सिटिंग, आणि दर सिटिंगला एसटीचे जाणे-येणे, बुडालेला रोज, कधी सोबत येणाऱ्या माणसाचाही बुडालेला रोज. दाढ काढायला मात्र एकच खेप पुरते. म्हणून शेतमजूर बाई डॉक्टरांच्या खुर्चीत बसताना आधीच सांगते की काढूनच टाका. तिचा हा निर्णय अज्ञानाचा आहे असे म्हणणे अन्यायाचे आहे, कारण त्या दिवशीच्या हिशेबात तो बरोबर असतो. पुढे शेजारचे दात मोकळ्या जागेत कलतात, समोरच्या जबड्यातला दात मोकळ्या जागेकडे सरकून खाली किंवा वर येतो, एकाच बाजूने चावणे सुरू होते, आणि काही वर्षांनी ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात), कवळी किंवा इम्प्लांट (हाडात बसवलेला कृत्रिम दात) यांचा विषय निघतो, ज्याचा खर्च वाचवलेल्या रूट कॅनालच्या कितीतरी पट असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचे व दातांचे आजार आहेत आणि त्यांपैकी चारात तीन जण मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात.

सरकारी योजनांचा विचार करताना खाटेचा हाच नियम पुन्हा आड येतो. आयुष्मान भारत ही २०१८ मध्ये सुरू झालेली योजना आणि आपल्या महाराष्ट्र राज्याची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना या दोन्हींत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. अपघातात जबडा मोडला, जबड्यात गाठ झाली किंवा तोंडाचा कर्करोग झाला तर या योजनांचा मोठा आधार होतो, आणि तंबाखू-मशेरीच्या आपल्या प्रदेशात ही गोष्ट लहान नाही. साधी कीड मात्र त्यांत बसत नाही. उलट बाजूला दोन व्यवस्था अशा आहेत ज्यांनी दात शरीराचाच भाग मानले. केंद्र सरकारी कर्मचारी आणि निवृत्तांच्या सीजीएचएस योजनेत दात भरणे, रूट कॅनाल आणि कवळी यांचे दर ठरवून दिलेले आहेत. मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असलेल्या कामगारांच्या ईएसआय योजनेतही रुग्णालयांमधून दंत विभाग चालतात. कारखान्यात काम करणाऱ्या कितीतरी जणांच्या पगारातून दर महिन्याला ०.७५ टक्के कापले जातात, पण त्याच कार्डावर दाढ दाखवता येते हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार विनामूल्य आहेत. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दंतशल्यचिकित्सक नेमलेला असेल तर तपासणी, दात काढणे आणि बऱ्याच ठिकाणी दात भरणेही तिथे होते. रूट कॅनाल होते का आणि कोणत्या वारी होते, हे आधी विचारून जावे. मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातले शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचे महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय, नागपूर व छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालये आणि गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय इथे खासगी दवाखान्याच्या मानाने फार कमी पैशांत काम होते. वेळ मात्र जास्त लागतो. सकाळी केस पेपर काढायचा, विद्यार्थी तपासतो, मग शिक्षक पाहतात, प्रत्येक टप्प्यावर त्यांची सही होते, आणि खासगीत दोन खेपांत उरकणारे काम चार खेपांत होते. ज्याला रजा मिळते त्याने हा मार्ग निःशंक धरावा, कारण तिथल्या कामावर दोन माणसांची नजर असते. शाळा-अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दातांची कीडही पाहिली जाते. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. मुलाला पुढे पाठवण्याची चिठ्ठी मिळाली तर ती दप्तरात राहू देऊ नये, कारण काहीशे रुपयांचा टप्पा तोच असतो.

आता खासगी पॉलिसीत काय शक्य आहे ते पाहू. अपघाताने दात तुटला आणि भरती व्हावे लागले, तर बहुतेक पॉलिसी खर्च देतात. चेंडू लागून किंवा दुचाकीवरून पडून दात गेला असेल तर पहिल्याच चिठ्ठीत दुखापतीचे कारण, तारीख आणि आधी दात निरोगी होता का हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे, कारण नंतर लिहून घेतलेल्या कागदावर शंका घेतली जाते. इर्डाच्या सूचनेवरून एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीत तर आजारामुळे किंवा दुखापतीमुळे आवश्यक ठरलेला दंत उपचार समाविष्ट असल्याचे लिहिलेले आहे. ते वाचून अनेकांना वाटते की रूट कॅनालचाही खर्च मिळेल. पण तो शब्द भरतीच्या खर्चाच्या कलमाखाली येतो, म्हणजे खाट पुन्हा आलीच.

ओपीडीचे जोड संरक्षण, ज्याला रायडर म्हणतात, ते काही कंपन्या देतात. ते घेण्याआधी कागदावर एक वजाबाकी करावी: वर्षाला जास्तीचा हप्ता किती, आणि दातांसाठी जास्तीत जास्त मिळणार किती. या दोन आकड्यांत फारसे अंतर नसेल, वर प्रतीक्षाकाळ, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर काहीच मिळत नाही असा सुरुवातीचा काळ, असेल, आणि कंपनीच्या यादीतलाच दवाखाना चालणार असेल, तर तेवढी रक्कम दरमहा बाजूला ठेवणे बहुधा अधिक फायद्याचे ठरते. 'मोफत दंत तपासणी' असे लिहिलेले असले तर ती तपासणीच मोफत असते, त्यात सापडलेले काम नव्हे. ग्राहकासाठीची माहितीपत्रिका आता प्रत्येक पॉलिसीसोबत द्यावी लागते आणि मागितली तर ती मराठीतही मिळायला हवी. एजंटाच्या बोलण्यापेक्षा त्या पानावरचा 'काय मिळणार नाही' हा भाग वाचावा. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते. क्लेम चुकीच्या कारणाने नाकारला आहे असे वाटले तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी, आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर आपल्या भागाच्या विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जावे. तिथे शुल्क नाही आणि वकील लागत नाही.

हल्ली दवाखान्यातच हप्त्यांची सोय असते. रिसेप्शनवर आधार आणि पॅन घेतले जाते, दहा मिनिटांत कर्ज मंजूर होते, आणि 'बिनव्याजी' या शब्दाने मन हलके होते. ही सोय वाईट आहे असे मी म्हणणार नाही, कारण तिच्यामुळे दाढ वाचलेली माणसे आहेत. पण ते कर्ज दवाखान्याचे नसते, वित्तकंपनीचे असते, आणि काम अर्धवट राहिले किंवा बिघडले तरी हप्ते चालूच राहतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्ज देणाऱ्याने सर्व शुल्कांसह वार्षिक दर दाखवणारे मुख्य तथ्यपत्रक द्यायला हवे. ते पाहावे, आणि रोख दिले तर बिल कमी होते का हे विचारावे. होत असेल तर तो फरक म्हणजेच व्याज.

मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आईवडिलांना मी एकच गोष्ट आवर्जून सांगतो: निघण्याआधी महिना-दीड महिना दात दाखवून घ्या. तिथल्या ज्येष्ठांसाठी १९६५ मध्ये आलेल्या मेडिकेअर कायद्यातसुद्धा नेहमीचे दंत उपचार वगळलेले होते, आणि पाहुण्यांसाठीच्या प्रवास विम्यात दातांसाठी असलीच तर अचानक उठलेल्या कळेपुरती थोडी रक्कम असते.

मावशीचा क्लेम लोकपालापर्यंत न्यावा असे मला आधी वाटले होते, पण कागद वाचल्यावर कळले की तिच्या पॉलिसीनुसार नकार बरोबर होता. आम्ही मग तिच्या डॉक्टरांना विचारले की तोंडात आणखी काय आहे. त्यांनी डाव्या बाजूच्या वरच्या दाढेतला मोहरीएवढा काळा ठिपका आरशात दाखवला, चिठ्ठीवर आत्ता भरली तर आठशे आणि नंतर रूट कॅनालची वेळ आली तर कॅपसह नऊ हजार असे दोन आकडे लिहून दिले, आणि मावशीने पिशवीतून आठशे रुपये काढून तिथेच दाढ भरून घेतली.